डोंगरउतारावरची सायकल



सायकल ही आपल्याला काही नवी वस्तू नाही. दुधाच्या किटल्या, कडब्याच्या पेंढ्या, दळणाचा डबा, टपालाची पिशवी, शाळेचे दप्तर आणि वेळप्रसंगी आजारी माणूसदेखील सायकलीने वाहिला आहे. परंतु अलीकडे शहरांतून सायकलीचा एक निराळाच अवतार दिसू लागला आहे. मनगटाएवढे जाड टायर, त्यांवर मक्याच्या दाण्यांसारखे रबराचे उंचवटे, रुंद आडवे हँडल, पुढच्या चिमट्यात दबणारी आणि उसळणारी स्प्रिंग, आणि मागच्या चाकाला लहानमोठ्या दात्यांच्या चकत्यांची उतरंड. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँडसुद्धा नाही. हिला माउंटन बाइक म्हणतात. आपण तिला डोंगरी सायकल म्हणू या.

यावर कोणी म्हणेल, "अहो, हे शहरातल्या हौशी मंडळींचे खेळणे! चांगली म्हणावी अशी घ्यायची तर लाखाच्या घरात किंमत जाते. आमच्या मुलांना साध्या सायकलीची हवा भरायला पंप मिळत नाही, आणि तुम्ही आम्हांला हे काय सांगता?" आक्षेप रास्त आहे. तथापि मला आज या सायकलीची किंमत सांगायची नसून तिच्या निमित्ताने लोकांनी जी विद्या हस्तगत केली आहे ती सांगायची आहे. ती विद्या उतार उतरण्याची आहे. ती फुकट मिळते, कोणत्याही सायकलीला लागू पडते, आणि आपल्या वाड्यापाड्यांवरून शाळेला येणाऱ्या मुलामुलींना तिची गरज शहरातल्या हौशी स्वारापेक्षा अधिक आहे.

प्रथम स्थळाविषयी दोन शब्द. मुंबईचे उपनगर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लोकलगाड्या आणि माणसांची दाटी येते. पण अंधेरी, गोरेगाव, बोरिवली ही गावे एका अंगाला आणि घाटकोपर, भांडुप, मुलुंड ही दुसऱ्या अंगाला ठेवून मधोमध डोंगरांचा एक कणा उभा आहे. याच डोंगरांत विहार आणि तुळशी हे तलाव आहेत. विहार १८६० साली बांधून झाला, तुळशी १८७९ साली. दोन्ही अद्याप मुंबईला पाणी देतात. येथेच सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि त्याच्या पोटात कान्हेरीची लेणी. दक्षिणेला लागून आरे दूध वसाहत, १९४९ साली म्हशींच्या गोठ्यांसाठी वसवलेली. उत्तरेकडे ठाण्याच्या बाजूला येऊरचे डोंगर. या भागात शहर येण्याच्या आधीपासूनचे आदिवासी पाडे आजही आहेत.

रविवारी सकाळी बोरिवलीहून कान्हेरीच्या चढाला, गोरेगावहून आरेच्या वळणावळणाच्या रस्त्याला, ठाण्याहून येऊरला सायकलस्वारांची रांग लागते. कोणी डांबरी रस्त्यावरच राहतात, तर कोणाला कच्च्या वाटेची ओढ असते. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर मात्र सायकलीचे काम नाही. तो काळ्या दगडाचा सरळसोट कडा आहे आणि वर देवीच्या दर्शनाला पायऱ्यांनीच जावे लागते. एवढी विविधता एका शहराच्या कुशीत असल्यामुळे भूगोलाच्या माझ्यासारख्या अध्यापकाला विद्यार्थ्यांना घेऊन हिंडण्याची मोठी सोय झाली आहे, आणि सायकलीवर हिंडणे हे त्यात सर्वांत स्वस्त.

आता ही डोंगरी सायकल जन्माला कशी आली ते पाहू. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला टॅमल्पायस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकात तिथल्या काही तरुणांना नाद लागला. भंगारातून जुन्या, जड, जाड टायरांच्या सायकली उचलायच्या, डोंगरावर चढवायच्या आणि मातीच्या वाटेने भरधाव खाली सोडायच्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी रीतसर शर्यत लावली. साडेतीन किलोमीटरांच्या आत सुमारे ४०० मीटर खाली उतरायचे, अशी ती वाट होती. पुढे या वाटेवर सर्वांत कमी वेळ नोंदला गेला तो ४ मिनिटे २२ सेकंद, गॅरी फिशर या तरुणाच्या नावावर.

या शर्यतीचे नाव मोठे मजेदार आहे. तिला म्हणत 'रिपॅक'. त्या जुन्या सायकलींना हँडलवर ब्रेक नसत. पेडल उलटे दाबले की मागच्या चाकाच्या हबमध्ये आतल्या आत ब्रेक लागत असे. एकदा डोंगर उतरला की तो हब इतका तापे की आतले ग्रीस जळून त्याचा धूर होई. मग खाली पोहोचल्यावर हब उघडायचा, छर्रे पुसायचे आणि ताजे ग्रीस पुन्हा भरायचे. पुन्हा भरणे म्हणजे रिपॅक. शर्यतीला नाव मिळाले ते वेगावरून नव्हे, जळलेल्या ब्रेकावरून!

त्या तरुणांपैकी जो ब्रीझ याने १९७७ साली या कामासाठी मुद्दाम नवा सांगाडा बांधला. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची या कारागिराचे सांगाडे घेऊन विक्रीचा धंदा सुरू केला. १९८१ पासून कारखान्यांतून अशा सायकली मोठ्या संख्येने निघू लागल्या. १९९० मध्ये पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला मानाचे पान मिळाले. आपल्याकडे हिमाचल प्रदेशात शिमल्याच्या परिसरात २००५ पासून डोंगरी सायकलींची मोठी शर्यत भरू लागली. भंगारातल्या सायकलीचा हा प्रवास पंचवीस-तीस वर्षांचा.

परंतु कच्च्या वाटेवर सायकल घालण्याचा मान एकट्या कॅलिफोर्नियाला देऊन चालणार नाही. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये प्रदक्षिणा पुरी करून मुंबईस परतले. वाटेत वाळवंटे होती, चिखल होता, रस्ता नावाची वस्तूच नाही असे मुलूख होते. त्यांच्या पाठोपाठ १९२४ मध्ये फ्रामरोझ दावर हा आणखी एक मुंबईकर निघाला. त्याने एका ऑस्ट्रियन साथीदाराबरोबर सहारा वाळवंट आणि दक्षिण अमेरिकेतली अरण्ये पार केली. यांच्याजवळ ना स्प्रिंगचा चिमटा होता, ना डझनभर गिअर. होती ती साधी सायकल आणि ती केव्हा चालवावी व केव्हा खांद्यावर घ्यावी याचे ज्ञान. हे शेवटचे वाक्य कृपा करून लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता सायकल डोंगरावर चढते कशी आणि उतरते कशी, ते क्रमाने पाहू.

चढाचा प्रश्न गिअरने सोडवला आहे. समजा, आपल्या साध्या सायकलीच्या पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ आहेत. पेडलचा एक फेरा मारला की सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. डोंगरी सायकलीच्या पुढच्या चक्राला ३२ दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला ५० असतात. तिथे एका फेऱ्यात सायकल जेमतेम दीड मीटर सरकते. अंतर कमी म्हणून जोरही कमी. मोटेच्या बैलाला जे कळते तेच गणित इथे आहे: काम तेवढेच, पण ते लहान लहान घासांनी केलेले. साध्या सायकलीलाही याचा थोडा लाभ देता येतो. १८ दात्यांचे फ्रीव्हील काढून २२ दात्यांचे बसवले की एका फेऱ्याचे अंतर सुमारे साडेचार मीटरांवर येते आणि चढ तेवढा हलका होतो. खर्च किरकोळ. आणि हेही न जमले तर काय, खाली उतरावे आणि सायकल ढकलीत न्यावी. चढावर माणूस थकतो, घामाघूम होतो, पण सहसा कोणाचे हातपाय मोडत नाहीत.

हातपाय मोडतात ते उतारावर. तरी आपले सारे कौतुक चढणाऱ्याला! मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढून जाणाऱ्याला 'घाटांचा राजा' म्हणतात. तो मान योग्यच आहे. पण घाट नीट उतरून येणाऱ्याला कोणी साधा घाटाचा पाटीलसुद्धा म्हणत नाही. म्हणून मुलांनाही वाटते की चढ म्हणजे कष्ट आणि उतार म्हणजे फुकटची मजा. ही समजूत घातक आहे. ती कशी, हे थोडे आकड्यांनी पाहू. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे आकडे हवे तर फळ्यावर मांडावेत.

मुलगा आणि सायकल मिळून ७५ किलो वजन धरा. तो १०० मीटर उंचीचा डोंगर चढला. चढताना त्याने जी शक्ती साठवली ती सुमारे ७३,५०० ज्यूल झाली. उतरताना ती सगळी परत द्यावी लागते. काही वारा घेतो, काही खडबडीत वाट घेते. उरलेली ब्रेक घेतात, आणि ब्रेकांनी घेतली नाही तर ती वेगाच्या रूपाने स्वाराच्या अंगावर येते. एवढ्या शक्तीने लिटरभर पाणी सतरा-अठरा अंशांनी तापेल. रिपॅकच्या वाटेवर उंची याच्या चौपट होती. मग तिथले ग्रीस जळाले यात नवल ते काय?

आता दुसरे गणित. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. मुरमाची सुटी वाट आहे आणि दहा मीटर पुढे गेले की एक मीटर खाली, असा उतार आहे असे धरा. अशा जागी ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंत ताशी १० किलोमीटर वेगाला सुमारे २ मीटर लागतात, ताशी २० ला ८ मीटर आणि ताशी ३० ला १८ मीटर. दोन, आठ, अठरा. हे तीन आकडे मुलांकडून पाठ करून घ्यावेत. ब्रेक दाबण्याचे मनात येऊन हात हलेपर्यंत जे अंतर जाते ते याशिवाय वेगळे. वळणाच्या पलीकडे बैलगाडी उभी असेल आणि ती दहा मीटरांवर दिसली, तर ताशी १५ ने येणारा मुलगा थांबेल, ताशी ३० ने येणारा थांबणार नाही. त्याचा ब्रेक कितीही चांगला असला तरी नाही.

तेव्हा उताराचा पहिला नियम असा की वेग आधी कमी करायचा, संकट दिसल्यावर नव्हे. वळण येण्यापूर्वी ब्रेक लावावा आणि वळताना शक्यतो सोडावा. दुसरा नियम, दोन्ही ब्रेक एकत्र आणि हलक्या हाताने. उतारावर वजन पुढच्या चाकावर जाते, म्हणून खरे थांबवण्याचे काम पुढचा ब्रेक करतो. काही मुले भीतीने त्याला हातच लावीत नाहीत. ती खाली घसरत जातात. काही घाबरून एकदम करकचून दाबतात. ती हँडलवरून पुढे फेकली जातात. लिंबू पिळताना बी फुटू नये म्हणून आपण जसे हळूहळू दाबतो, तसा तो दाबावा. तिसरा नियम शरीराचा. उतारावर सीटवर ठाण मांडून बसू नये. दोन्ही पेडल समपातळीत ठेवून त्यांवर उभे राहावे, गुडघे आणि कोपरे सैल ठेवावीत आणि कंबर मागे न्यावी. डोंगरी सायकलीच्या चिमट्यातली स्प्रिंग जे काम करते ते आपले गुडघे-कोपरे करू शकतात. देवाने ती स्प्रिंग प्रत्येकाला दिलेली आहे. चौथा नियम नजरेचा. दगड चुकवायचा म्हणून दगडाकडेच पाहत राहिले की चाक नेमके त्या दगडावर जाते. जिकडे नजर तिकडे चाक. म्हणून जिथून जायचे त्या मोकळ्या जागेकडे पाहावे. आणि गाडीवाटेची चाकोरी ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडावी. तिरपे गेले की चाक चाकोरीत अडकते आणि स्वार बाहेर पडतो.

पाचवा नियम मला आरे वसाहतीत एका पाड्यावरच्या तरुणाने शिकवला. जुलै महिना होता. माझ्याबरोबर पाच-सहा विद्यार्थी होते. त्यांतल्या एकाजवळ नवी कोरी डोंगरी सायकल, डोक्याला हेल्मेट, हाताला मोजे, असा सगळा सरंजाम होता. पाड्याकडून मुख्य रस्त्याला येणाऱ्या कच्च्या वाटेने आम्ही उतरत होतो. पुढे एक तरुण जुनाट काळ्या सायकलीवरून, कॅरिअरला भाजीची टोपली बांधून चालला होता. एका ठिकाणी तो सहज खाली उतरला, सायकल हाताने धरून वीसेक पावले चालला आणि पुन्हा बसला. माझ्या विद्यार्थ्याला हसू आले. तो म्हणाला, "का हो दादा, भीती वाटली काय?"

तरुण थांबला. म्हणाला, "भीती कशाची? इथं उतरायचं असतं. कालच्या पावसानं दगड सुटलाय. मी रोज जातो, मला ठाऊक आहे. उद्या बसला असला दगड, तर नाही उतरणार."

आम्ही वाकून पाहिले. वरून घट्ट दिसणारा मुरूम खालून पाण्याने पोखरला होता. पायाने दाबताच दगड निखळून गडगडत गेला. विद्यार्थी काही बोलला नाही. त्यानेही सायकल हाताने धरून ते अंतर पार केले.

आपल्या मराठीत 'उतरणे' या शब्दाला दोन अर्थ आहेत. डोंगर उतरणे आणि सायकलवरून उतरणे. ज्याला दुसरे वेळेवर जमते, त्यालाच पहिले जमते. या खेळात मुरलेले खेळाडूदेखील अवघड जागा आली की आधी खाली उतरतात, वाट पायी चालून पाहतात आणि मग ठरवतात. साधनाने माणसाचा विवेक वाढत नाही, त्याचा वेग मात्र वाढतो. म्हणून साधन जितके भारी तितका विवेकही अधिक लागतो.

साधनांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण तरुण मंडळी पैसे चुकीच्या जागी खर्च करतात. डोंगरी सायकलीतील सुधारणांपैकी तीन खरोखर मोलाच्या आहेत. पहिली ब्रेकची. चाकाच्या मध्याशी एक पोलादी तबकडी असते आणि तेलाच्या दाबाने तिला दोन्ही बाजूंनी चिमटा बसतो. रिम भिजो, चिखलाने माखो, ब्रेक लागतो. दुसरी टायरची. सव्वादोन-अडीच इंच रुंदीचा टायर कमी हवेवर चालतो, त्यामुळे तो दगडाला आपटून उसळत नाही, दगडाला धरून बसतो. तिसरी हेल्मेटची, आणि ते कोणत्याही सायकलीवर घालता येते. बाकी रंगीत कपडे, वजन शंभर ग्रॅमनी कमी करणारे सुटे भाग, हे सगळे हौसेचे मोल. दुकानात नुसता स्प्रिंगचा चिमटा पाहून भुलू नये. स्वस्त सायकलीतला तो चिमटा बहुधा वजन वाढवतो आणि धक्का काही खात नाही. त्यापेक्षा साधा चिमटा आणि चांगले ब्रेक केव्हाही बरे.

आता उतारावर ब्रेक लावण्याशी डोंगराचाही संबंध आहे, तो सांगतो. मागचे चाक करकचून बांधून सायकल घसरत नेण्यात पोरांना मोठी मर्दुमकी वाटते. धूळ उडते, आवाज होतो, पाहणारे टाळ्या वाजवतात. पण घसरलेले चाक मातीत एक चर पाडते. पहिल्या पावसात त्या चरातून पाणी वाहते. वाहताना ते चर खोल करते आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिथे ओघळ होतो. मग वाटेची माती खाली जाते आणि वर उरतात ते दगडगोटे. पाणलोटाच्या कामात आपण म्हणतोच ना, की धावणाऱ्या पाण्याला चालायला लावा आणि चालणाऱ्याला थांबायला? घसरणारी सायकल नेमके याच्या उलट करते. कान्हेरीच्या भिक्षूंनी दोन हजार वर्षांपूर्वी त्याच डोंगरात कातळ कोरून पाण्याच्या पोढी केल्या आणि पावसाचे पाणी अडवले. आपण रविवारच्या एका तासात त्याला पळवाट करून द्यावी, हे बरे नव्हे. चाक फिरत राहील इतपतच ब्रेक लावणे स्वाराच्या हिताचे आहे, आणि डोंगराच्याही.

तीच गोष्ट रानात शिरण्याची. राष्ट्रीय उद्यानात ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या रस्त्यानेच जाता येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवानगीवाचून आत शिरणे हा गुन्हा आहे. काही हौशी मंडळी याला सरकारी अडवणूक समजतात. पण हे बिबट्याचे घर आहे. २०२२ च्या दिवाळीत पहाटेच्या वेळी आरेत बिबट्याने एक तान्ही मुलगी नेली आणि ती दगावली. पाड्यावरची माणसे या रानात राहतात, ती आपल्यासारखी रविवारची पाहुणी नाहीत. पहाटे आणि तिन्हीसांजेला मुले कुठे खेळू द्यायची नाहीत, उष्टेखरकटे कुठे टाकायचे नाही, याचे त्यांना नियम पाळावे लागतात. आपण दिवे चमकावीत, आरडाओरडा करीत अवेळी जनावराला बिथरवून घरी निघून जायचे, आणि त्याचा त्रास मात्र तिथे राहणाऱ्यांना, हा कुठला न्याय? अरुंद वाटेवर डोक्यावर मोळी किंवा पाण्याचा हंडा घेतलेली बाई समोरून आली तर सायकलस्वाराने आधीच उतरून कडेला उभे राहावे. वाट तिची आहे. आपण पाहुणे. उतरणे इथेही आलेच!

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो, आणि विशेषतः शिक्षकवर्गाचे लक्ष वेधतो. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत येण्यासाठी सायकल मिळते. ही फार चांगली गोष्ट आहे. चार-पाच किलोमीटरांची पायपीट वाचली म्हणून कितीतरी मुलींचे शिक्षण चालू राहिले. परंतु यांतल्या अनेक मुलींच्या गावाची वाट म्हणजे डोंगरवाटच असते. कुठे घाटाची उतरण, कुठे ओढ्याचा पूल नसलेला उतार, कुठे खडी उखडलेली सडक. शहरातला हौशी स्वार महिन्यातून चार वेळा ज्या वाटेवर जातो, त्या वाटेवर ही मुलगी दिवसातून दोनदा जाते, आणि तेही भर पावसात, पाठीवर दप्तर घेऊन. तिला सायकल दिली. तिला उतार कोण शिकवणार?

ते शाळेने शिकवावे, असे माझे नम्र सांगणे आहे. याला वेगळा तास नको, खर्च तर नकोच. जून महिन्यात शाळा उघडली की एक शनिवार द्यावा. सगळ्या सायकली मैदानात लावाव्यात. ब्रेकची मूठ दाबून पाहावी. ती हँडलला टेकत असेल तर ब्रेक ढिला आहे. रबर झिजून पत्रा दिसत असेल तर त्याच दिवशी बदलावे, दोन रबरांची किंमत एका वहीएवढीही नसते. पुढचे चाक उचलून जमिनीवर आपटावे. खडखडले तर नट सैल आहे, तो पान्याने आवळावा. चेनला तेल आणि कव्हर आहे ना, ओढणीचे टोक बांधलेले आहे ना, हे पाहावे. दप्तर पाठीवर उंच नसावे, कॅरिअरला घट्ट बांधलेले असावे. सीट इतकी उंच नसावी की पाय टेकणार नाही.

मग मैदानावर चुन्याची एक रेघ मारावी. मुलांनी सावकाश येऊन रेघेवर ब्रेक दाबायचा, आणि थांबेपर्यंतचे अंतर टेपने मोजायचे. पुन्हा दुप्पट वेगाने यायचे आणि मोजायचे. तिसऱ्यांदा रिमवर पाणी ओतून मोजायचे. ओल्या लोखंडी रिमवर रबर धरत नाही, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल. मग त्यांना सांगावे की पावसात उतार लागण्याच्या आधी पन्नास पावलांपासूनच ब्रेक हलके हलके दाबीत यावे, म्हणजे रिम पुसून निघते. विज्ञानाच्या शिक्षकाला गतीचा धडा मिळेल, गणिताच्या शिक्षकाला वर्गाचे उदाहरण मिळेल, आणि मुलीला सुखरूप घरी पोचण्याची विद्या. एवढे झाल्यावर आणखी एक काम द्यावे. प्रत्येक मुलाने आपल्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढावा आणि जिथे सायकलवरून उतरायचे त्या जागांवर तांबडी खूण करावी. एकाच वाटेने येणाऱ्या मुलांनी आपापले नकाशे ताडून पाहावेत. लहानग्यांना मोठ्यांनी त्या जागा दाखवाव्यात. पावसाळ्यात वाट बदलली की खूणही बदलावी. आणि उतारावर डबलसीट बसायचे नाही, मागच्याने उतरून चालायचे, एवढा एक नियम शाळेने कडक ठेवावा.

मुलांच्या मनात एक गोष्ट बिंबवणे सर्वांत कठीण आहे. उतरण्यात कमीपणा नाही, ही ती गोष्ट. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला मित्रांच्या देखत सायकलवरून पाय खाली टाकणे म्हणजे अपमान वाटतो. तिथे शिक्षकाचा शब्द उपयोगी पडेल, आणि शब्दापेक्षा शिक्षकाचे वागणे. गुरुजी किंवा बाई स्वतः त्या वळणावर उतरून चालताना दिसल्या, तर दुसऱ्या दिवसापासून मुलेही उतरतील. कोणाला त्याचे हसू येणार नाही.

डोंगरी सायकल ज्यांना परवडते त्यांनी अवश्य घ्यावी, परवानगीच्या वाटांवर चालवावी आणि आनंद मिळवावा. उगवत्या उन्हात तुळशीच्या बाजूचा डोंगर हिरवागार दिसतो, पावसाने धुतलेल्या कातळावरून पाणी निथळत असते, आणि खाली मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत शहर जागे होत असते. तो आनंद खरा आहे. पण ज्यांच्याजवळ साधी काळी सायकल आहे, त्यांनी स्वतःला कमी समजू नये. त्या सायकलीचे ब्रेक नीट असले, टायरात बेताची हवा असली आणि स्वाराला उतरण्याची लाज वाटत नसली, तर सह्याद्रीतली कोणतीही गाडीवाट तिला मोकळी आहे. जून जवळ येईल तेव्हा, आधी दोन रबरे घ्या आणि मग छत्री घ्या, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.